जबल अलीचे बंदर आणि लिनक्सची यादी

१९७९ साली सुरू झालेल्या आमच्या दुबईतील जबल अली बंदरात माल उतरण्यापूर्वी जशी त्याची यादी दफ्तरी दाखल होते, तशीच डेबियन वा उबुंटू या लिनक्स प्रणालींमध्ये ‘सुडो ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा केवळ नव्या आवृत्त्यांची यादी आणते; प्रत्यक्ष माल उतरतो तो ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ने, हा भेद नवशिक्यांच्या ध्यानी सहसा येत नाही.

यादीवरील सांकेतिक मोहोर पडताळून त्या यादीशी रुजुवात झाल्याखेरीज ॲप्ट हा पॅकेज-व्यवस्थापक सहसा कोणतेही पॅकेज आत घेत नाही.

पण माल वेळेवर उतरवलाही पाहिजे: २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या संचातील ‘हार्टब्लीड’ या सुरक्षा-दोषावर दुरुस्ती उपलब्ध असूनही ज्यांनी आळस केला, त्यांची गुपिते उघड्यावर राहिली. म्हणून, मित्रहो, सुटीच्या दिवशी अपग्रेडचे हे कर्तव्य उरकावे, आणि कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बदलल्यास यंत्र पुन्हा सुरू करावे, कारण तोवर जुनाच कारभारी गादीवर असतो.