पडद्यासमोरून उठून गेलेली माणसं

१८२५ साली सातपुड्याच्या पायथ्याशी, खानदेशात, जेम्स आउट्रम नावाचा २२ वर्षांचा इंग्रज लेफ्टनंट एक पलटण उभी करत होता. भिल्लांना काबूत आणण्यासाठी भिल्लांचीच पलटण. तिचं ठाणं धरणगावला होतं. त्याच सुमारास तिथून हजारो मैल दूर, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या टास्मानिया बेटावर, गोरे वसाहतवाले आणि बेटाचे मूळ रहिवासी यांच्यात लढाई पेटत होती. पुढे तिला ‘ब्लॅक वॉर’ हे नाव पडलं. दोन्ही ठिकाणी राज्य इंग्रजांचंच. आणि दोन्ही ठिकाणी साहेबाला जंगलात शिरायचं तर माग काढायला जंगलातलाच माणूस लागायचा.

हे दोन धागे माझ्या मनात एकत्र आले ते एका सिनेमामुळे. जेनिफर केंट या दिग्दर्शिकेचा ‘द नाइटिंगेल’ हा २०१८ चा ऑस्ट्रेलियन सिनेमा. वेस्टर्न म्हटलं की आपल्याला घोडे, बंदुका आणि सुडाचा पाठलाग आठवतो. ते सगळं यात आहे, फक्त वाळवंटाच्या जागी टास्मानियाचं ओलं, काळोखं जंगल आहे. काळ आहे १८२५. क्लेअर ही आयर्लंडहून शिक्षा भोगायला पाठवलेली तरुण कैदी. एक लष्करी अधिकारी तिच्यावर अत्याचार करतो, तिच्या डोळ्यांदेखत नवऱ्याचा आणि तान्ह्या बाळाचा जीव घेतला जातो. ती त्या अधिकाऱ्याच्या मागावर निघते आणि वाट दाखवायला बिली नावाच्या मूळ रहिवासी तरुणाला पैसे देऊन सोबत घेते. बिलीचे सगळे लोक मारले गेले आहेत. क्लेअर स्वतः पिचलेली, तरी सुरुवातीला बिलीकडे तो जनावर असल्यासारखं पाहते. ही गोष्ट सिनेमा लपवत नाही.

२०१९ च्या जूनमध्ये सिडनीच्या चित्रपट महोत्सवात हा सिनेमा दाखवला गेला, तेव्हा सुमारे ३० प्रेक्षक मध्येच उठून बाहेर गेले. एक बाई जाता जाता मोठ्याने म्हणाली की आम्हाला हे पुन्हा पाहायची गरज नाही. त्याआधी याच सिनेमाला व्हेनिसला विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला होता आणि बिली साकारणाऱ्या बायकाली गनंबारला उदयोन्मुख कलावंताचं पारितोषिक. एकाच सिनेमाच्या वाट्याला हे दोन्ही आलं, याचं मला फार कुतूहल वाटत राहिलं. याहून कितीतरी जास्त रक्त सांडणारे सिनेमे लोक मजेत, काहीतरी चघळत पाहतात. मग इथेच पाय दाराकडे का वळले?

एक उत्तर पडद्याच्या आकारात आहे. वेस्टर्न म्हणजे रुंद पडदा, लांबवर पसरलेलं क्षितिज. केंटने मुद्दाम जुन्या सिनेमांसारखी जवळजवळ चौकोनी चौकट घेतली. त्यामुळे डोळ्यांना पळायला जागा उरत नाही. भयंकर काही घडत असताना कॅमेरा जखमेवर नसतो, चेहऱ्यावर असतो, आणि तिथून हलत नाही. कोसळलेल्या माणसाचा चेहरा इतका वेळ इतक्या जवळून पाहायची आपल्याला सवयच नसते. भरीला पार्श्वसंगीताचा आधारही फार थोडा. संगीत एरवी प्रेक्षकाला हळूच सांगत असतं, आता घाबर, आता रड, आता संपलं. इथे ते सांगणारं फारसं कुणी नाही.

आणि आवाज. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. या सिनेमातला सगळ्यात असह्य क्षण माझ्या मते बाळाचं रडणं थांबतं तो आहे. काहीतरी दिसतं म्हणून आपण हादरत नाही. इतका वेळ ऐकू येणारं ऐकू येईनासं होतं म्हणून हादरतो.

हे मराठी प्रेक्षकाला नवं नाही. २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ आला. पूर्वार्धात लोक ‘झिंगाट’वर खुर्च्या सोडून नाचत होते. त्याच लोकांना शेवटी नागराज मंजुळेंनी आवाजच काढून घेऊन खिळवून टाकलं. शेजारणीकडून परतलेलं पोर आई-बापांना पाहून रडतं, ते रडणं दिसतं, ऐकू येत नाही. त्याची रक्ताळलेली पावलं दाराबाहेर उमटत जातात. टास्मानियात बाळ जातं आणि आई उरते, करमाळ्याकडच्या दिग्दर्शकाच्या गोष्टीत आई-बाप जातात आणि बाळ उरतं. दोन दिग्दर्शक, एकमेकांपासून इतक्या दूर, आणि दोघांनीही घाव घातला तो शांततेने! मला यात सिनेमाच्या कलेचं खरं नवल दिसतं.

प्रेक्षकांची शांतता ओळखणं मात्र सोपं नसतं. १९७५ च्या स्वातंत्र्यदिनी ‘शोले’ लागला तेव्हा पहिल्या दिवसांत लोक गप्प बसून होते. व्यवसायातल्या जाणत्यांनी सिनेमा पडला असं धरलं. तेव्हा वरळीच्या गीता टॉकीजच्या मालकाने रमेश सिप्पींना धीर दिला, काळजी करू नका, सिनेमा चालणार. कारण काय, तर मध्यंतरात थंड पेयं आणि आइसक्रीम कमी खपत होतं. लोक इतके भारावले होते की जागचे हलत नव्हते. पुढे मुंबईच्या मिनर्व्हाला तो पाच वर्षं चालला. त्या मालकाएवढी नेमकी नजर मी समीक्षकांमध्येही क्वचित पाहिली आहे.

‘शोले’चं आणखी एक सांगायला हवं. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार करतो. आणीबाणीचे दिवस होते, सेन्सॉरने तो शेवट बदलायला लावला आणि पोलीस वेळेवर आणले. तिथे सूड सरकारने अडवला. ‘नाइटिंगेल’मध्ये तो दिग्दर्शिकेनेच अडवला आहे. क्लेअरच्या हातून पहिला खून होतो तो इतका ओबडधोबड, इतका लांबलेला की टाळी वाजवायला वर आलेला हात खाली येतो. पुढे नेम धरूनही तिच्याने गोळी झाडवत नाही. प्रेक्षकाने दोन तास जे सोसलं त्याची भरपाई त्याला मिळत नाही. पुष्कळांचा राग मला वाटतं इथला आहे.

ऑस्ट्रेलियन प्रेक्षक बंदूकवाल्यांच्या गोष्टीला आधीपासून असाच बिचकत होता का? मुळीच नाही. २६ डिसेंबर १९०६ ला मेलबर्नमध्ये ‘द स्टोरी ऑफ द केली गँग’ दाखवला गेला. तासाहून लांब असलेला हा जगातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानला जातो. आपल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतर सात वर्षांनी आला. नेड केली हा १८८० मध्ये फाशी गेलेला दरोडेखोर, आणि लोक त्याचा सिनेमा पाहायला लोटत होते. ती गर्दी पाहून सरकार धास्तावलं. काही गावांत त्यावर बंदी आली आणि १९११-१२ च्या सुमारास अनेक प्रांतांनी दरोडेखोरांच्या सिनेमांवरच बंदी घातली. केलीच्याच काळातला आपला तंट्या भिल्ल निमाड-खानदेशच्या डोंगरांतून फिरला आणि १८८९ मध्ये जबलपूरला फाशी गेला. तोही लोकांच्या लेखी नायकच ठरला.

पण नेड केली गोरा होता. वॉरिक थॉर्नटन या मूळ रहिवासी दिग्दर्शकाच्या ‘स्वीट कंट्री’ (२०१७) मध्ये एक विलक्षण प्रसंग आहे. उजाड गावात उघड्यावर केलीचा तोच मूकपट दाखवतात आणि गोरे गावकरी दरोडेखोराच्या बाजूने ओरडतात. त्याच गावकऱ्यांना स्वतःचा जीव वाचवताना गोळी झाडलेला सॅम केली हा मूळ रहिवासी मात्र फासावर हवा असतो. पडद्यावरच्या बंडखोराला टाळ्या आणि समोरच्या माणसाला दोर. प्रेक्षक कुठे बसला आहे यावर तो काय पाहतो हे ठरतं, आणि ते इतक्या स्वच्छपणे दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

याच कारणाने मला नंदुरबार आठवतो. १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात दहातले जवळजवळ सात जण आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. बिलीची गोष्ट या मुलखात ऐकीव नाही. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर आधी निव्वळ बळ वापरून पाहिलं गेलं, ते पुरलं नाही तेव्हा आउट्रमची पलटण आली. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक हा सरकारचाच माणूस. १८५७ मध्ये तो उलटला, सरकारी खजिना लुटला, पुढच्या वर्षी आंबापाणीला मोठी लढाई झाली आणि १८६० मध्ये विश्वासघाताने त्याचा अंत झाला. राखणदार, बंडखोर, दगा, डोंगर, सगळा वेस्टर्नचा ऐवज आहे. तिकडे टास्मानियात १८२८ मध्ये लष्करी कायदा लागला आणि १८३० मध्ये दोन हजारांहून जास्त माणसं रांग धरून मूळ रहिवाशांना हाकायला निघाली. तिथले मूळ लोक संपले असं पुढे पुस्तकांतून शिकवलं जायचं. ते खोटं होतं, त्यांचे वंशज आजही आहेत, आणि केंटने सिनेमा करताना त्यांच्या वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतला. बिली सिनेमात पलावा कानी बोलतो, म्हणजे वंशजांनी जुन्या नोंदींतून पुन्हा जुळवलेली भाषा.

आणि नंदुरबारला तर इतकं मागे जायचीही गरज नाही. तळोदा तालुक्यात रावलापाणी आहे. संत गुलाम महाराजांच्या आरतीच्या चळवळीने १९३७-३८ मध्ये इथल्या आदिवासींना दारू सोडायला, स्वच्छ राहायला, एकत्र यायला शिकवलं. महाराज १९३८ मध्ये गेले, पण लोक जमायचे थांबले नाहीत. २ मार्च १९४३ रोजी त्यांच्या अनुयायांवर रावलापाणीला इंग्रजांच्या फौजेने गोळ्या चालवल्या. तिथल्या खडकांवर गोळ्यांच्या खुणा दाखवतात. दरवर्षी २ मार्चला लोक तिथे जमतात आणि मेलेल्यांना मान देतात.

सिडनीत उठून गेलेल्यांना मी दोष देणार नाही. स्वतःवर बेतलेलं पडद्यावर पुन्हा सोसायचं नाही, हा कोणाचाही हक्क आहे. केंटनेही असंच म्हटलं की कोणी न पाहायचं ठरवलं तर ती त्याचा मान राखते. पण घडलं ते खरं होतं आणि ते सौम्य करून सांगणं तिला पटलं नाही. तिचं मला पटतं. मात्र उठून जाणाऱ्यांमध्ये आणि रावलापाणीला चालत येणाऱ्यांमध्ये एक फरक मला दिसतो. पहिल्यांना एक अंधारी खोली आणि अनोळखी शेजारी मिळाले. दुसऱ्यांकडे ठरलेला दिवस आहे, जागा आहे, नावं घेणारी माणसं आहेत आणि मागचं सांगायला म्हातारे आहेत.

म्हणून ‘नाइटिंगेल’ मला एकदा नंदुरबारमधल्या अक्कलकुव्याला किंवा धडगावला दाखवलेला पाहायचा आहे, संवाद पावरीत आणि भिलीत उतरवून. आधी कुणीतरी सांगावं की यात काय आहे, ज्यांना नको त्यांनी बाहेर बसावं. सिनेमा संपल्यावर दिवे लावून तिथेच बोलायला वेळ ठेवावा. बिलीबद्दल पहिला प्रश्न कोण विचारतं, आणि क्लेअरबद्दल कोण, हे मला ऐकायचं आहे.