जिवाणूंतील प्रथिनसंश्लेषणाचा विराम आणि रायबोसोमीय आर. एन. ए.

वाक्याच्या अंती पूर्णविराम असतो. परंतु तो स्वतः वाक्य थांबवीत नाही, वाचणारा थांबतो. प्रथिनांच्या साखळीविषयीही हाच प्रश्न उद्भवतो. संदेशवाहक आर. एन. ए. वरील यूएए, यूएजी व यूजीए या तीन त्रयी समाप्तिदर्शक होत. त्या वाचतो कोण?

इतर त्रयींना अनुरूप असे वाहक आर. एन. ए. असतात, या तिघींना सामान्यतः तसा जोडीदार नाही. साखळी मोकळी करणारा घटक प्रथिन आहे, हे १९६७ मध्ये मारिओ कापेकी यांनी दाखविले. या मोचकांपैकी पहिला यूएए व यूएजी, तर दुसरा यूएए व यूजीए ओळखतो.

तथापि १९८८ मध्ये निराळाच पुरावा पुढे आला. १६-एस रायबोसोमीय आर. एन. ए. मधील १०५४ वे सायटोसीन वगळले असता यूजीएचा विराम ओलांडून वाचन पुढे जाऊ लागले. यूएए व यूएजी यांचा अंमल मात्र कायम राहिला. याच आर. एन. ए. मध्ये यूजीएला पूरक असा यूसीए हा क्रम आहे. तोच त्रयीशी जोडी जुळवून विराम ओळखत असावा, असा तर्क यावरून मांडण्यात आला.

तर्क आकर्षक होता, पण टिकला नाही. हॅरी नोलर व वेंकटरामन रामकृष्णन यांच्या प्रयोगशाळांनी २००८ मध्ये मोचकासहित रायबोसोमच्या स्फटिकरचना प्रसिद्ध केल्या. त्यांत त्रयीला प्रत्यक्ष भिडलेला दिसला तो मोचकच.

म्हणून रायबोसोमीय आर. एन. ए. केवळ साक्षीदार ठरतो काय? नाही. त्रयीचे तिसरे अक्षर १६-एस मधील ५३० व्या ग्वानीनवर टेकते. वाचनास योग्य अशी बैठक तेथे सिद्ध होते. तेथून सुमारे ७५ अँगस्ट्रॉम अंतरावर, २३-एस आर. एन. ए.ने घडविलेल्या केंद्रात, मोचकाचे दुसरे टोक पोहोचते व पाण्याच्या रेणूकरवी साखळीचा बंध तुटतो. या केंद्रातील २६०२ वे अॅडेनीन बदलल्यास साखळी सुटणे अत्यंत मंदावते. नवा पेप्टाइड बंध जुळण्यास मात्र फारशी बाधा येत नाही.

सारांश, विराम वाचतो प्रथिन, पण त्याची अंमलबजावणी आर. एन. ए.च्या केंद्रात होते. एखादा अंश काढल्याने कार्य बिघडले, एवढ्यावरून ते कार्य तोच अंश करीत होता असे सिद्ध होत नाही, हे संशोधकाने यातून ध्यानी घ्यावयाचे.