काळोखाचा हिशेब आणि औंढ्याची वेधशाळा

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून जाणारा जालना रस्ता पूर्वेला धरला, की जालना, मंठा, जिंतूर करत सुमारे २०० किलोमीटरवर औंढा नागनाथ येते. आजवर या वाटेने भाविक ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला जात आले. आता हिंगोली जिल्ह्याच्या याच टापूत लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. विश्वाच्या ताळेबंदातला सर्वांत मोठा न जुळणारा आकडा तपासण्याच्या कामात मराठवाडा थेट सामील होणार आहे, म्हणून हा विषय आपण मुळातून समजून घ्यायला हवा.

विश्वातल्या एकूण ऊर्जा-द्रव्याचा हिशेब मांडला, तर तारे, ग्रह, वायू, धूळ आणि आपण सगळे मिळून जेमतेम ५ टक्के भरतो. सुमारे २७ टक्के कृष्णद्रव्य आहे. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा या दीर्घिकासमूहात, तर १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन यांनी सर्पिल दीर्घिकांच्या फिरण्यात त्याची चाहूल घेतली. ते दिसत नाही, पण त्याच्या ओढीशिवाय दीर्घिकांच्या कडेचे तारे इतक्या वेगाने फिरते ना. उरलेले सुमारे ६८ टक्के म्हणजे कृष्णऊर्जा. विश्वाचे प्रसरण मंदावत नसून वेग घेत आहे, हे दूरच्या अतिनवताऱ्यांवरून १९९८ मध्ये कळले. त्या शोधाला २०११ चे नोबेल मिळाले.

कृष्णविवर मात्र आज ओळखीचे झाले आहे. एम ८७ दीर्घिकेतल्या साडेसहा अब्ज सूर्यांच्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची प्रतिमा २०१९ मध्ये, तर आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या चाळीस लाख सूर्यांएवढ्या कृष्णविवराची २०२२ मध्ये जगाने पाहिली. साहजिकच प्रश्न पडतो. कृष्णविवरे आहेत हे पक्के. मग हिशेबातला ९५ टक्के काळोख त्यांच्याच खात्यावर टाकता येईल का? हे एकाच दमात विचारले जाणारे, पण वेगळे दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत.

कृष्णद्रव्य म्हणजे कृष्णविवरे?

ताऱ्यांच्या मरणातून जन्मलेली कृष्णविवरे पहिल्याच फेरीत बाद होतात. ती बनली ती साध्या द्रव्यातून. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन, ड्यूटेरियम आणि हेलियम किती प्रमाणात तयार झाले, यावरून साधे द्रव्य एकंदर किती असू शकते याची मर्यादा ठरते. ती त्या ५ टक्क्यांच्या आसपासच आहे. त्यातूनच काढून २७ टक्के कसे भरणार?

म्हणून वैज्ञानिक आणखी मागे गेले. १९६७ मध्ये सोव्हिएत रशियात याकोव झेल्दोविच आणि इगोर नोविकोव यांनी, आणि १९७१ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी एक कल्पना मांडली. विश्व नुकतेच जन्मले होते, तेव्हा एखाद्या ठिकाणची घनता आजूबाजूपेक्षा पुरेशी जास्त असेल, तर तो भाग तारा न होताच कोसळून कृष्णविवर होईल. ही आदिम कृष्णविवरे. साध्या द्रव्याचा वरचा हिशेब लागू होण्याआधीच ती जन्मलेली असल्याने ती मर्यादा त्यांना आडवी येत नाही. ती डोंगराएवढ्या वस्तुमानाचीही असू शकतात. अख्खी पृथ्वी दाबून तिचे कृष्णविवर करायचे, तर ती एका बोराएवढी करावी लागेल. लघुग्रहाच्या वस्तुमानाचे कृष्णविवर अणूएवढेच असेल. अर्थात खालच्या टोकालाही मर्यादा आहे. हॉकिंग यांच्याच गणितानुसार कृष्णविवरे हळूहळू प्रारण सोडतात, त्यामुळे साधारण अब्ज टनांहून हलकी आदिम विवरे आजपर्यंत विरून गेली असतील.

ही विवरे शोधायची कशी? असे विवर दूरच्या एखाद्या ताऱ्याच्या आणि आपल्या मधून गेले, तर त्याच्या गुरुत्वाकर्षणाने ताऱ्याचा प्रकाश वळतो आणि तारा काही काळ उजळून पुन्हा पूर्ववत होतो. विवर जितके हलके, तितका हा उजाळा अल्पजीवी. चंद्राहून हलक्या विवरासाठी तो मिनिटांचा किंवा तासांचा खेळ असतो.

याच कामात दोन मराठी नावे आहेत. डॉ. सुहृद मोरे आणि डॉ. अनुप्रिता मोरे हे आज पुण्याच्या आयुका या संस्थेत संशोधन करतात. जपानमधल्या संशोधकांसोबत ते ज्या गटात होते, त्या गटाने २३ नोव्हेंबर २०१४ च्या रात्री हवाई बेटावरची ८.२ मीटर व्यासाची सुबारू दुर्बीण देवयानी दीर्घिकेवर रोखली. सुमारे सात तास, दर दोन मिनिटांनी एक छायाचित्र घेतले आणि कोट्यवधी तारे तपासले. कृष्णद्रव्य जर त्या वजनाच्या आदिम कृष्णविवरांचेच असते, तर सुमारे हजार तारे उजळताना दिसायला हवे होते. दिसला एक, आणि तोही संशयित. २०१९ मध्ये 'नेचर ॲस्ट्रॉनॉमी'त हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि वस्तुमानाचा एक मोठा पट्टा एका रात्रीच्या निरीक्षणाने जवळजवळ निकालात निघाला.

जड विवरांची तपासणी पोलंडच्या ओगल प्रकल्पाने केली. वीस वर्षांची निरीक्षणे चाळून त्यांनी २०२४ मध्ये सांगितले, की सूर्याच्या लाखाव्या भागाच्या आसपासपासून शेकडो सूर्यांपर्यंतच्या वस्तुमानाच्या घन वस्तू कृष्णद्रव्याचा दहा टक्क्यांहून मोठा वाटा उचलू शकत नाहीत. दोन्ही बाजूंनी हद्द आवळत आली, तरी मध्ये एक खिडकी उघडी आहे. लघुग्रहांच्या वस्तुमानाची, अणूच्या आकाराची विवरे सुबारूच्या पद्धतीने पकडता येत नाहीत, कारण तिथे ताऱ्याचे बिंबच विवराच्या भिंगापेक्षा मोठे ठरते. सगळे कृष्णद्रव्य त्या खिडकीत मावू शकते. म्हणून या प्रश्नाचे आजचे प्रामाणिक उत्तर असे: बहुतेक वजनांसाठी नाही, एका पट्ट्यासाठी अजून शक्य.

कृष्णऊर्जेचा उगम कृष्णविवरांत?

दुसऱ्या प्रश्नाचा धागा कोल्हापूरच्या नारळीकरांपर्यंत जातो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. कथेचे नाव 'कृष्णविवर'. लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. कृष्णविवर हा शब्द मराठी वाचकाच्या घरात नेणाऱ्या या माणसाने संशोधनात मात्र रूढ मताशी आयुष्यभर वाद घातला.

१९९३ मध्ये फ्रेड हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी विश्वाला आरंभ नाही असे मानणाऱ्या स्थिर स्थितीच्या सिद्धांताला नवे रूप दिले. त्यांचे म्हणणे असे, की सगळे द्रव्य एकाच महास्फोटात जन्मले नाही. अतिप्रचंड, अतिघन, कृष्णविवर होण्याच्या बेतात असलेल्या वस्तूंच्या परिसरात नवे द्रव्य निर्माण होत राहते. ही निर्मिती घडवणाऱ्या क्षेत्राची ऊर्जा ऋण असते, आणि तिच्या परिणामाने अवकाश ताणले जाते. गुरुत्वाकर्षणाने कोसळलेल्या वस्तू आणि विश्वाचे प्रसरण यांचा असा थेट संबंध त्यांनी जोडला होता. मूळ स्थिर स्थितीच्या गणितातही प्रसरण वेग घेतेच, हेही इथे आठवावे. विश्वाच्या बाल्यावस्थेपासून उरलेल्या वैश्विक पार्श्वप्रारणाच्या बारीक मोजमापांनी पुढे महास्फोटाच्या बाजूने कौल दिला आणि बहुतेक विश्वशास्त्रज्ञांनी हा सिद्धांत बाजूला ठेवला. २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांचे निधन झाले. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र दुसऱ्याच वाटेने परत आला होता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये हवाई विद्यापीठातल्या डंकन फराह आणि सहकाऱ्यांनी लंबवर्तुळाकार दीर्घिकांच्या केंद्रांतल्या कृष्णविवरांची तुलना प्रसिद्ध केली. या दीर्घिकांत गिळायला फारसा वायू उरलेला नसतो. तरीही सुमारे नऊ अब्ज वर्षांत त्यांची कृष्णविवरे सात ते वीस पट जड झालेली दिसली. विवरांच्या पोटात निर्वात-ऊर्जा असेल आणि विश्व पसरते तसे त्यांचे वस्तुमान वाढत असेल, असे या गटाचे स्पष्टीकरण आहे. त्यातले गणित देखणे आहे. अवकाश दुप्पट ताणले की आकारमान आठपट होते आणि विवरांची दाटी आठपट विरळ होते. पण प्रत्येक विवर आठपट जड झाले, तर एकूण घनता जशीच्या तशी राहते. प्रसरणाने विरळ न होणे हा तर कृष्णऊर्जेचा ओळखीचा गुण.

आक्षेपही तितक्याच वेगाने आले. एनजीसी ३२०१ या अतिप्राचीन गोलाकार तारकागुच्छातली कृष्णविवरे इतक्या झपाट्याने वाढत आली असती, तर जन्मवेळी ती अशक्य वाटावी इतकी हलकी असायला हवी होती. गाया उपग्रहाने दाखवलेल्या कृष्णविवरांवरूनही तीच शंका घेतली गेली. दुसरीकडे, ॲरिझोनातल्या डेसी या सर्वेक्षणाने २०२४ आणि २०२५ मध्ये कृष्णऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी असे संकेत दिले, आणि ताऱ्यांच्या जन्ममरणाशी बांधलेल्या कृष्णविवरांनी हा बदल समजावता येतो, असा दावा फराह यांच्या सहकाऱ्यांनी केला. डेसीचे संकेत अजून शोध म्हणण्याइतके पक्के नाहीत. म्हणजे इथले उत्तर असे: कल्पना तपासण्याजोगी आहे, पण पुराव्याचे पारडे आज तिच्याकडे झुकलेले नाही.

औंढ्यातून काय कळेल?

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोने ३६ आणि २९ सूर्यांच्या वस्तुमानाच्या दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाची लहर टिपली. ही टक्कर सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर झाली होती आणि तीन सूर्यांएवढे वस्तुमान लहरींत विरून गेले होते. गोंगाटात दडलेली अशी खूण आधीच आखलेल्या नमुन्यांशी ताडून कशी ओळखायची, याचे पायाभूत काम संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये आयुकात केले होते. शोध जाहीर झाल्यावर आठवड्याच्या आत, १७ फेब्रुवारी २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी ११ मे रोजी पायाभरणी झाली. काटकोनातल्या चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, त्यांतून धावणारा लेसर आणि टोकांना आरसे, अशी ही रचना असते. आरशांमधल्या अंतरात प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी झालेला बदल तिला जाणवायला हवा.

वरच्या दोन्ही प्रश्नांना ही वेधशाळा भिडते. ताऱ्याच्या मृत्यूतून सूर्याहून हलके कृष्णविवर जन्मत नाही. विलीन होणाऱ्या जोडीत असे एक जरी निर्विवाद सापडले, तरी आदिम कृष्णविवरे खरोखर आहेत असे मानायला सबळ आधार मिळेल. कृष्णऊर्जेसाठी वाट वेगळी आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळल्याची लहर टिपली गेली. लहरींवरून अंतर कळले, दुर्बिणींनी दीर्घिका शोधली आणि विश्वाच्या प्रसरणाचा वेग स्वतंत्रपणे मोजता आला. अशा शेकडो घटना हव्यात, आणि त्या आकाशात नेमक्या कुठे घडल्या हे कळायला हवे. अमेरिकेतल्या दोन, इटलीतल्या आणि जपानमधल्या वेधशाळांना दूर भारतातून जोड मिळाली, की ते ठिकाण कितीतरी अचूक सापडेल.

यासाठी औंढ्याच्या परिसराने जे द्यायचे आहे, ते म्हणजे शांत जमीन. अवजड वाहतूक, खाणींतले सुरुंग, मोठी यंत्रे यांची थरथर या उपकरणाला बाधते. म्हणून वेधशाळेभोवतीचे रस्ते आणि उद्योग आखताना जिल्हा प्रशासनाने आणि गावांनी वैज्ञानिकांसोबत बसायला हवे, आणि गावकऱ्यांना त्याची कारणे मराठीत नीट सांगितली जायला हवीत. हिंगोली, परभणी, नांदेड, संभाजीनगरच्या महाविद्यालयांनी लेसर, निर्वात तंत्र आणि विदा-विश्लेषण आजपासून शिकवले, तर तिथे काम करणारे हात आणि डोकी इथलीच असतील. हलके विवर सापडले तर कृष्णद्रव्याचा एक धागा हाती येईल. वर्षानुवर्षे सापडलेच नाही, तर एक सुंदर कल्पना आपण पुराव्यानिशी मागे ठेवू. सुबारूच्या त्या एका रात्रीने जगाला असाच नकार दिला होता, आणि तो नकार हे ज्ञानच होते. असे ज्ञान मराठवाड्याच्या जमिनीवर तयार व्हावे, यासाठी लागणारी शांतता आणि शिक्षण देणे ही आता आपली जबाबदारी आहे.