नायट्रोत मागची रांग पकडा!

एस्सेलवर्ल्ड १९८९ साली गोराईत आलं, तेव्हा मजा मार्वेच्या बोटीपासूनच सुरू व्हायची. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उघडलं आणि आपल्याकडच्या राइड्सचा तोराच बदलला. तिथली नायट्रो ही बोलिगर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीची फ्लोअरलेस कोस्टर आहे. गाडी सुटण्याआधी पायाखालची जमीन सरकते आणि पाय अक्षरशः अधांतरी! उंची सुमारे ४० मीटर, आणि वाटेत पाच वेळा उलटंपालटं. गाडीला स्वतःचं इंजिन नसतं. साखळी वर ओढून नेते, पुढचं सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं. पुढच्या रांगेतून दृश्य झकास दिसतं, मान्य. पण पहिल्या उतारावर मागची रांग कड्यावरून अशी खेचली जाते की विचारू नका. मंडळी, पुढच्या खेपेला थोडं थांबावं लागलं तरी मागेच बसा.