विमानाच्या केबलमधली तुटकी तार

कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ साली, राजाराम महाराजांच्या काळात सुरू झाला. त्या काळच्या छोट्या विमानांत वैमानिकाच्या हाताचा जोर शेपटीपर्यंत पोलादी केबल नेत असे. सेसना १७२ मध्ये आजही तीच नेते.

जेमतेम ३ मिलिमीटर जाडीच्या या केबलमध्ये बहुधा ७ पेड असतात, प्रत्येकात १९ तारा. ती झिजते मुख्यतः कप्पीवर वळते तिथे. नियंत्रणे मध्यावर असताना नेमका तोच भाग कप्पीआड लपतो, म्हणून नियंत्रणे दोन्ही टोकांपर्यंत फिरवूनच तपासणी करायची. केबलवरून कापड ओढले की तुटकी तार त्यात अडकते. उघडे बोट कधीही फिरवू नये, तार खोल घुसते. कप्पी फिरतेय ना, हेही पाहावे. अडकलेली कप्पी केबलला कानशीसारखी खाते.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात गंजाची धास्ती जास्त. वरून गंज दिसला तर ताण सैल करून, पेड उलटे पिळून आत डोकावावे लागते.

मर्यादेपलीकडे झिजलेल्या केबलला जोड देऊन भागवू नये, ती बदलावीच. नव्या केबलचा ताण मापकाने, त्या दिवशीचे तापमान लक्षात घेऊन ठेवतात. उन्हात ॲल्युमिनियमचा सांगाडा पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतो आणि ताण वाढतो. शेवटी दुसऱ्या जाणकाराने दिशा तपासायची: वैमानिकापुढचे चाक उजवीकडे वळवले की उजव्या पंखाचे एलेरॉन (मागच्या कडेची हलती फळी) वरच गेले पाहिजे.