अरबी समुद्राची मशागत करणारे वारे

उष्ण कटिबंधातील समुद्रावर बारा महिने भरपूर ऊन पडते. तरीही या समुद्रांचा फार मोठा भाग, शेतीच्या भाषेत बोलायचे तर, नापीक आहे. अरबी समुद्र मात्र जगातील अत्यंत सुपीक सागरांपैकी एक गणला जातो. कोकणच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येणारे बांगडे आणि तारली यांचे मूळ या सुपीकतेत आहे.

सागरातील अन्नसाखळीचा आरंभ वनस्पतिप्लवकांपासून होतो. पाण्याबरोबर वाहणाऱ्या या सूक्ष्म वनस्पती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात. त्यांवर प्राणिप्लवक आणि मासे जगतात. परंतु त्यांना प्रकाशाबरोबरच नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट यांसारखी पोषकद्रव्येही लागतात. मृत जीवांचे अवशेष खाली बुडून कुजतात. त्यामुळे हे खत खोल अंधारात साठते आणि प्रकाश वरच्या थरातच राहतो. शिवाय उन्हाने तापलेले हलके पाणी खालच्या थंड, जड पाण्यावर झाकणासारखे बसते. हे झाकण दूर करण्याचे काम वारे करतात.

दोन हंगामांची मशागत

जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया व ओमान यांच्या किनाऱ्यांना समांतर वाहतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात पृष्ठभागाचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे येथे किनाऱ्यापासून दूर, लोटले जाते. त्याची जागा घेण्यास खालचे थंड, पोषक पाणी वर येते. सोमालियाजवळ या दिवसांत पाण्याचे तापमान २० अंश सेल्सियसच्याही खाली जाते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत, विशेषतः केरळपाशी, हीच क्रिया काहीशा सौम्य प्रमाणात घडते.

हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रात निराळाच प्रकार होतो. जमिनीवरून येणाऱ्या कोरड्या, थंड ईशान्य वाऱ्यांमुळे बाष्पीभवन वाढते. वरचे पाणी थंड, अधिक खारट व जड होऊन खाली बुडते आणि सुमारे १०० मीटर खोलीपर्यंत पाणी घुसळले जाते. साहजिकच प्लवकांना दुसरा बहर येतो.

शेजारच्या बंगालच्या उपसागराशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. गंगा, ब्रह्मपुत्रा आदी नद्यांचे व पावसाचे गोडे पाणी तेथे वर पसरते. ते हलके असल्याने घुसळण रोखली जाते आणि प्लवकांची वाढ तुलनेने कमी राहते.

वाढत्या उष्णतेचे संकट

सागराचे तापमान वाढले की हे झाकण अधिकच घट्ट बसते. पश्चिम हिंदी महासागरातील वनस्पतिप्लवक सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटले असावेत, असा निष्कर्ष पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांसह झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काढण्यात आला. सुपीकतेचीही एक किंमत असते. खाली बुडणाऱ्या अवशेषांच्या कुजण्यात प्राणवायू खर्च होतो. म्हणून अरबी समुद्रात सुमारे १५० ते १००० मीटर खोलीवर अत्यल्प प्राणवायूचा जाड थर आहे.

या घडामोडींचा अभ्यास १९६६ मध्ये स्थापन झालेली गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था करीत आली आहे. पाण्याचा रंग व तापमान उपग्रहांद्वारे टिपून हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र मच्छीमारांना संभाव्य मत्स्यक्षेत्रांची सूचना देते. त्यामुळे मासळीच्या शोधात जाणारे इंधन व वेळ वाचतो. मात्र मासे कोठे आहेत हे कळल्याने त्यांची संख्या वाढत नाही. ती अखेर वारा, पाणी आणि प्लवक यांच्या मेळावर अवलंबून असते. हा मेळ ओळखूनच मासेमारीचे नियोजन होणे आवश्यक आहे.