जिमखाना मैदाने, मुंबईतील

ब्रिटिश अमदानीत वंश व धर्म यांनुसार स्थापन झालेल्या क्रीडासंस्थांची मुंबईतील क्रिकेट मैदाने. यूरोपीय, पारशी, हिंदू व मुस्लिम संघांतील सामन्यांमुळे ती प्रसिद्धीस आली. मैदानावर खेळण्याची मुभा आणि संस्थेतील प्रवेश या भिन्न गोष्टी असणे, हे त्यांच्या इतिहासाचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

किल्ल्याबाहेरील एस्प्लनेड या मोकळ्या पटांगणावर (सध्याचे आझाद मैदान हा त्याचाच भाग) पारशी तरुण क्रिकेट खेळत. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ मध्ये निघाला. १८७५ मध्ये तेथेच यूरोपीयांचा बाँबे जिमखाना स्थापन झाला. यूरोपीयांच्या पोलोच्या घोड्यांमुळे एतद्देशीयांच्या खेळपट्ट्या उखडल्या जात. जिमखान्याचे राखीव क्रिकेट मैदान मात्र सुरक्षित असे. याविरुद्ध एतद्देशीय खेळाडूंनी १८८० नंतर सरकारकडे वारंवार अर्ज केले. पुढे समुद्रालगतच्या केनेडी सी-फेस भागात पारशी जिमखान्यास (स्थापना १८८५) व त्यानंतर इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना सरकारने जागा दिल्या. हिंदू जिमखान्याचे उद्‌घाटन १८९४ मध्ये झाले. अशा रीतीने जागेची अडचण दूर झाली. तथापि जमातवार विभागणी पक्की झाली.

तिरंगी (१९०७), चौरंगी (१९१२) व पंचरंगी (१९३७) स्पर्धांचा विकास याच विभागणीतून झाला. फेब्रुवारी १९०६ मध्ये बाँबे जिमखान्यावर हिंदू संघाने यूरोपीयांचा पराभव केला. त्यात डावखुरे फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू यांचा मोठा वाटा होता. चर्मकार समाजातील बाळू यांनी पुण्याच्या यूरोपीय क्लबात मैदानाची निगा राखण्याचे काम केले होते. हिंदू संघातून खेळू लागल्यावरही पुण्यात त्यांना चहा पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या पात्रात दिला जाई. त्यांचे बंधू विठ्ठल यांना हिंदू संघाचे कर्णधारपद १९२३ मध्ये लाभले.

भारतातील पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये बाँबे जिमखान्यावर झाला व त्यात लाला अमरनाथ यांनी ११८ धावा काढल्या. परंतु भारतीयांना त्या संस्थेचे सभासदत्व खुले नव्हते. १९३७ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे ब्रेबोर्न स्टेडियम उघडले. तेथील आसनवाटपाच्या वादातून हिंदू जिमखान्याने त्या वर्षीच्या पंचरंगी स्पर्धेतून अंग काढून घेतले. ख्रिस्ती आदी उर्वरित जमातींच्या ‘रेस्ट’ संघाकडून विजय हजारे यांनी १९४३ मध्ये याच स्टेडियमवर संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा केल्या. जमातवार क्रिकेटला महात्मा गांधींनी १९४० मध्ये विरोध दर्शविला होता. १९४५–४६ नंतर ही स्पर्धा बंद पडली.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बेसबॉल संघांचा इतिहास याच्याशी काही अंशी समांतर आहे. त्यांची व्यावसायिक लीग १९२० मध्ये सुरू झाली. परंतु बर्मिंगहॅम (अलाबामा) येथील रिकवुड फील्डसारखी (१९१०) श्वेतवर्णीय संघांची मैदाने त्यांना भाड्याने घ्यावी लागत. मुंबईत सरकारी जमिनीमुळे प्रत्येक मोठ्या जमातीस स्वतःचे मैदान मिळाले. तथापि जमातीअंतर्गत भेद त्यामुळे नाहीसा झाला नाही, हे बाळूंच्या उदाहरणावरून दिसते.

कसोटी सामने पुढे ब्रेबोर्न व १९७५ पासून वानखेडे स्टेडियमवर होऊ लागले. मरीन ड्राइव्हलगतच्या जिमखान्यांनी आपली मूळ जमातवाचक नावे राखली असून त्यांची मैदाने आजही वापरात आहेत.